सव्विसावा प्रश्न

मनीमाजरा,
रविवार, १९ मार्च १९८९, दुपार

प्रिय अक्का,

तुझी तीन पत्रं आली आणि माझं एकही गेलं नाही. आधी आंतरदेशीय संपलं होतं. ते आणलं तर पेन विनीनं शाळेत नेलेलं. पेन परत आलं तेव्हा वाटलं, एवढ्याशा निळ्या कागदात हे मावायचं नाही, वहीचे कागद पाहिजेत. म्हणून वही आणायला बाजारात गेलो, तर तिथं एक माणूस पिंजऱ्यात मुंगूस घेऊन बसलेला. ते मुंगूस माणसासारखं दोन पायांवर उभं राहून लोकांकडं बघत होतं. संध्याकाळ तिथंच गेली, वही राहिली. असली कारणं मी तुला अजून दहा सांगीन, पण खरं एवढंच की मी टाळत होतो. आत्तासुद्धा बसल्यापासून दोनदा उठून गच्चीवर जाऊन आलोय. विनी खाली मालकीणबाईंकडं, बीजींकडं, मटार सोलतेय, म्हणजे सोलतेय कमी आणि खातेय जास्त. दाजी सकाळीच साध्या कपड्यांत अंबाल्याला गेलेत. रविवारी कसलं काम म्हणून विचारलं तर म्हणाले, ‘आहे.’ फौजी माणसाला दुसऱ्यांदा विचारू नये हे मी आता शिकलोय.

आधी कामाचं सांगतो, नाहीतर मी भरकटेन आणि ते राहून जाईल. सोबत चार पानांचा एक फॉर्म आहे. तो विनीच्या तपासणीचा आहे. छापलाय इंग्रजीत, पण प्रत्येक प्रश्नाखाली मी पेन्सिलीनं मराठीत लिहिलंय. पोर पुऱ्या दिवसांची झाली का, जन्मल्यावर लगेच रडली का, रांगली कधी, बोलली कधी, गोवर कधी झाला, असे चाळीस प्रश्न आहेत. सासूबाईंचा डोळा लागला की निवांत बसून भर. जे आठवत नाही तिथं ‘आठवत नाही’ असंच लिही, अंदाजानं लिहू नकोस. आणि सव्विसावा प्रश्न सोड. त्याच्यावर मी कागदाची चिठ्ठी चिकटवलीय. त्याचं उत्तर माझ्याकडं आहे. तू चिठ्ठी काढून बघणार हे मला माहीत आहे, पण आधी हे पत्र पुरं वाच, मग काढ. एवढं माझं ऐक.

शाळेचं दाजींनी तुला थोडं कळवलंच असेल, पण त्यांची पत्रं मला माहीत आहेत. ‘इकडील सर्व क्षेम’ आणि खाली सही. म्हणून मी नीट सांगतो. जानेवारीत शाळेनं दाजींना बोलावलं. बाईंनी विनीची वही पुढं ठेवली. शुद्धलेखनात ओळ सुरू होते, मधले तीन शब्द गायब, पुन्हा शेवटचे दोन बरोबर. पाढे म्हणताना सात चोक अठ्ठावीसला थांबते आणि पुढं एकदम सात साती एकोणपन्नास. वर्गातल्या बाई म्हणाल्या, ‘भाईसाब, ये बच्ची यहाँ बैठती है, रहती कहीं और है.’ त्यांनी वाईट बुद्धीनं नाही सांगितलं. म्हणाल्या, हिची बुद्धीची नीट तपासणी करून घ्या. रिपोर्ट बघून सत्तावीस मार्चला ठरवू, ही चौथीत जाईल की शहरात मंद मुलांची वेगळी शाळा आहे तिथं जाईल. दाजी घरी आले आणि त्यांनी युनिफॉर्मला दोनदा इस्त्री केली. एकदा झाली होती तरी. मग मला म्हणाले, ‘नऊ वर्षांची पोर, गुरू. एकदा त्या शाळेत गेली की परत कोण घेणार तिला?’

त्या तपासणीच्या नादानंच मला नोकरी लागली, हे तुला कुणी सांगितलं नसेल. तू जुलैत सासूबाईंना झटका आला म्हणून गेलीस, तेव्हा मला म्हणालीस, ‘तू तरी मोकळा आहेस, विनीपाशी राहा, दाजींची ड्यूटी काही खरी नसते.’ मोकळा म्हणजे रिकामा, हे मला कळलं, पण राग नाही आला. आल्यावर डेराबस्सीला औषधांच्या कारखान्यात चौदा दिवस काढले. तिथल्या वासानं विनी मला जवळ येऊ देईना, म्हणाली, ‘मामा, आप दवाई जैसे हो गए.’ (पोरगी मराठी सगळं समजते, पण उत्तर हिंदीतच. आपण तिला ‘पाणी दे’ म्हणायचं आणि तिनं ‘ठंडा या सादा’ विचारायचं.) तर फेब्रुवारीच्या सुरुवातीला मी तिला घेऊन त्या तपासणीच्या केंद्रात गेलो. एका सेक्टरमधला बंगला आहे, खालच्या तीन खोल्या. केंद्र चालवतात त्या डॉ. शैलजाबाई, नागपूरच्या. नवरा इथल्या मोठ्या हॉस्पिटलात. दारावर कुणी गाव विचारलं, मी ‘तासगाव’ म्हणालो आणि त्यांनी आतूनच विचारलं, ‘मराठी आहेस का रे? ये ना मग, बाहेर काय करून राहिला?’

त्यांच्या आतल्या खोलीचं दार असं कर्रकन वाजायचं की परीक्षा देणारी पोरं दचकायची. दुसऱ्या दिवशी मी बीजींच्या शिलाई मशीनचं तेल नेऊन घातलं. तिसऱ्या दिवशी टेबलाचा हलणारा पाय ठीक केला. चौथ्या दिवशी त्यांचा जुना माणूस गावी गेला तो आलाच नाही, आणि मी तिथला झालो. दहावीत दोनदा आपटलेला माणूस बुद्धीच्या परीक्षा घेणाऱ्यांकडं कामाला! तू हसत असशील तर हस. पण अक्का, मला तिथं आवडतं. लाल-पांढरे लाकडी ठोकळे असतात, ते चित्रासारखे जुळवायचे. कापलेलं चित्र जोडायचं. आकडे ऐकून उलटे म्हणायचे. माझं काम पेटी मांडायची, मुलं आत-बाहेर करायची आणि बाईंनी खूण केली की घड्याळ दाबायचं. चकचकीत गोल घड्याळ आहे, वर बटण. दाबलं की पळतं, दाबलं की थांबतं. आणि तिथला एक नियम फार भारी आहे. मुलानं काहीही उत्तर दिलं तरी त्याला ‘बरोबर’ म्हणायचं नाही आणि ‘चूक’ही म्हणायचं नाही. तोंडावरसुद्धा दिसू द्यायचं नाही. फक्त ‘पुढं’ म्हणायचं. मला वाटलं, आमच्या कवठ्याच्या शाळेत कुणी मला नुसतं ‘पुढं’ म्हटलं असतं तर! तिथं ‘चूक’ आधी यायचं आणि छडी बरोबरच.

मुलांना माणूस काढायला सांगतात, घर काढायला सांगतात. त्यातून म्हणे मन कळतं. इकडची मुलं आता घर काढतात आणि घरापुढं पोती काढतात. आधी मला वाटलं धान्याची पोती. मग कळलं, वाळूची. नाक्यावर असतात तशी, मागं टोपीवाला. एका मुलानं बस काढली आणि सगळे लोक बसच्या बाहेर हात वर करून ओळीत उभे. बाईंनी विचारलं, ‘ये क्या हो रहा है?’ तर म्हणाला, ‘चेकिंग, और क्या.’ त्याला त्यात विशेष काही वाटलं नाही. आपल्याला तरी कुठं वाटतं आता? गेल्या महिन्यात दोन दिवस संचारबंदी होती. आम्ही तिघं घरात बसून बीजींचा जुना लुडो खेळलो. चौथा कोण म्हणून विनीनं तुझी पण एक सोंगटी ठेवली, हिरवी. तुझा फासा तीच टाकायची आणि तू जिंकायचीस.

त्या लुडोवरच मला पहिल्यांदा दिसलं. तिनं डबी हातात घेतली, वर उचलली आणि तशीच राहिली. हात वर, डोळे उघडे, पापणी थोडी फडफडत होती. मी म्हटलं, टाक की. दाजी म्हणाले, विने! ती नाहीच. मग एकदम डबी हलली, फासा पडला, आणि ‘मेरे छे आए’ म्हणून ओरडली. मध्ये काही झालंच नाही तिच्यासाठी. दाजी म्हणाले, ‘हेच ते. शाळेतपण हेच करत असणार, लक्ष नाही.’ मी मात्र दोन दिवस बेचैन झालो. का ते सांगतो, पण आत्ता नाही.

आता फॉर्मचं. हा जो कोरा पाठवतोय तो दुसरा फॉर्म आहे. पहिला मी भरला होता. तपासणीच्या दिवशी बाईंनी दाजींना विचारलं, तर दाजींना विनीचं लहानपण काहीच माहीत नाही. ती जन्मली तेव्हा ते लडाखला, चालायला लागली तेव्हा सिलीगुडीला. ते माझ्याकडं बघायचे आणि मी सांगायचो. शेवटी बाई म्हणाल्या, ‘तूच भर बाबा, तुलाच सगळं माहीत दिसतं.’ मी भरला. छान अक्षरात. रडली लगेच, रांगली वेळेवर, बोलली वेळेवर, आजार नाही, हे नाही, ते नाही. अक्का, एकेका रकान्यात मी ‘नाही’ लिहीत गेलो आणि हात असा सुटला की सव्विसाव्यापाशी आला तरी थांबला नाही.

तपासणी दोन दिवस चालली. मला घड्याळ धरू दिलं नाही, घरचा माणूस म्हणून. मी बाहेरच्या बाकावर बसून दाराच्या तेलाकडं बघत होतो. निकाल सांगताना बाई दाजींना म्हणाल्या, ‘दिगंबरराव, ही पोरगी मंद नाही हे मी लिहून देते. काही ठिकाणी तर वयाच्या पुढं आहे. पण मधेमधे अशी खाली येऊन राहिली की मला त्याचा अर्थ लागत नाही.’ मग त्यांनी माझा फॉर्म उलटापालटा करून पाहिला. त्यात काहीच नव्हतं, सगळं स्वच्छ. मग त्या म्हणाल्या, ‘आई आठ महिने जवळ नाही. मन तिकडंच जात असेल पोरीचं. एक तर आईला बोलवा, नाहीतर हिला आईकडं पाठवा.’ आणि तसा रिपोर्ट लिहायला घेतला.

दाजी घरी येऊन जेवले. मग ताट उचलताना म्हणाले, ‘तुझ्या अक्कानं इथं असायला हवं होतं.’ बस, एवढंच. दहा वर्षांत तुझ्याविषयी त्यांच्या तोंडून वाकडा शब्द मी ऐकला नव्हता. मी उद्याची भाजी निवडत होतो, निवडत राहिलो. तू तिकडं सासूबाईंना कुशीवर वळवतेस, त्यांचं सगळं अंथरुणातच करतेस, आणि इकडं तुझ्या नावावर हे लागलं. मला तेव्हाच बोलायला हवं होतं. मी जाऊन हात धुतले आणि बाहेर एक चक्कर मारून आलो. माझं हे असंच आहे. सुचेनासं झालं की पाय चालायला लागतात.

चालण्यावरून आठवलं. बीजी मला रोज टोमणा मारतात, ‘पुत्तर, सैकल खड़ी है, तूं पैदल क्यों मरदा एं?’ दाजींची सायकल जिन्याखाली गंजतेय आणि मी रोज दीड तास जायचा, दीड तास यायचा चालतो. ट्रकवर क्लीनर होतो तेव्हापण ड्रायव्हर म्हणायचा, चहा घेऊन ये सायकलनं, आणि मी पळत जायचो. मी सायकल चालवत नाही हे तुला माहीत आहे. का चालवत नाही ते तू कधी विचारलं नाहीस. आणि दर भाऊबिजेला मी घरी का नसतो हे तू दर वर्षी विचारतेस आणि मी दर वर्षी एखाद्या गावाचं नाव सांगतो.

तर मी काय केलं, केंद्रातलं घड्याळ घरी आणायला लागलो. संध्याकाळी खिशात घालायचं आणि सकाळी बाईंच्या आधी जाऊन पेटीत ठेवायचं. विनी कुठं थांबली की खिशातच बटण दाबायचं. जेवताना घास हातात राहिला, नऊ. वेणी घालून घेताना, सात. दूध ओतत होती, दूध पेल्याच्या बाहेर आणि ती तशीच, चौदा. दाजींच्या खोलीतल्या कॅलेंडरचं जुनं पान काढून त्याच्या मागं मी लिहीत गेलो. तारीख, वेळ, सेकंद. सोळा दिवस. दिवसाला कधी सहा, कधी बारा. आई आठवली म्हणून माणूस असं मोजून नऊ सेकंद जात नाही, अक्का. आणि ती थांबते तेव्हा तुझं नाव घेतलं तरी ऐकत नाही. मी घेऊन पाहिलं.

परवाच्या बुधवारी सकाळी मी ते घड्याळ परत ठेवायला निघालो. नाक्यावर नेहमीसारखी रांग. जवानानं खिसे चाचपले आणि एकदम हात मागं घेतला. माझ्याच हलगर्जीपणानं बटण दाबलं गेलेलं, आणि खिशात ते टिकटिक टिकटिक चालू. तुला वाटेल गंमत. बेवारस ट्रान्झिस्टरला हात लावू नका, बॉम्ब असेल, म्हणून पाट्या लागल्यात अशा दिवसांत माणसाच्या खिशात काहीतरी टिकटिकतंय! ‘हिलना मत!’ म्हणून ओरडला. माझ्या मागची रांग अशी मागं गेली जसं म्हैस उतरल्यावर डबक्यातलं पाणी हटावं. मी हात वर करून उभा. एका पोत्यामागून बंदूक दिसत होती, तिचं नुसतं भोक. माझ्या मनात काय आलं असेल सांग? की आता मी गेलो तर सव्विसाव्या प्रश्नाचं उत्तर कुणालाच माहीत राहणार नाही. खरंच एवढंच आलं. देव नाही, आई नाही, काही नाही.

एकानं लांब काठीनं घड्याळ बाहेर काढलं, गवतात ठेवलं, सगळे लांब. मग त्यांच्या साहेबानं येऊन उचललं आणि उलटं करून पाहिलं, तर मागं केंद्राचं नाव कोरलेलं. ‘चोरी का है?’ मी म्हटलं, मोजायचं आहे. ‘क्या मापता है बे?’ मी म्हटलं, भाची. त्यानं मला वेडाच ठरवला. शेजारच्या किराणा दुकानातून फोन केला. दोन तासांनी बाई स्कूटरवर आल्या, पदर खोचलेला, चष्मा घामानं घसरलेला. ‘हाँ जी, मेरा ही आदमी है जी,’ म्हणून सही केली. आणि बाहेर आल्यावर स्कूटर स्टँडला लावून माझ्यावर अशा बरसल्या! ‘पेन चोरतात, खोडरबर चोरतात, तू घड्याळ चोरून राहिला? ते इथं मिळत नाही, माहीत आहे तुला? कशाला पाहिजे होतं?’

मी कॅलेंडरचं पान काढून दिलं. त्या रस्त्याच्या कडेला उभ्या राहून वाचत होत्या. ट्रक जायचे आणि पान फडफडायचं. पहिल्यांदा त्यांचा चेहरा रागाचा होता, मग तो राग उतरला. ‘पापणी फडफडते?’ हो म्हटलं. ‘पडत नाही? हातपाय झाडत नाही?’ नाही. ‘सोळा दिवस लिहून राहिला आणि मला आज सांगतो?’ मग म्हणाल्या, ‘झटके सगळे हातपाय आपटूनच येतात असं नाही बाळा. काही असेही असतात, दिवा क्षणभर जावा तसे. पोरगी लक्ष देत नाही असं नाही, त्या वेळेला ती तिथं नसतेच.’ आणि मग माझ्याकडं सरळ बघून विचारलं, ‘लहानपणी डोक्यावर पडली होती का ही? तुझ्या फॉर्ममधे तर नाही लिहिलं.’ तोच सव्विसावा प्रश्न. मी उत्तर दिलं. ते ऐकून बाईंनी तोंडावरसुद्धा काही दिसू दिलं नाही. बरोबर नाही, चूक नाही. घसरलेला चष्मा वर सारून म्हणाल्या, ‘बस मागं,’ आणि मला स्कूटरवरून केंद्रात नेलं.

तिथं त्यांनी तो रिपोर्ट फाडला, माझा फॉर्म पण फाडला. शाळेला फोन केला की आणखी महिनाभर थांबा, आणि शाळा थांबतेय. येत्या शुक्रवारी मोठ्या हॉस्पिटलात विनीच्या डोक्याला तारा लावून आलेख काढणार आहेत. दुखत नाही, मी विचारलं. बाईंना वाटतं तेच निघालं तर गोळ्या आहेत, रोज घ्यायच्या, आणि बऱ्याच मुलांचं थांबतं. म्हणजे ती मधली अठ्ठावीस ते एकोणपन्नासची जागा भरेल. चौथीत जाईल. पण डॉक्टरांना जन्मापासूनचा सगळा हिशेब लागतो, आणि तो आईकडूनच. मी म्हटलं, बाई तुम्ही लिहा ना अक्काला. तर म्हणाल्या, ‘फॉर्म मी देते. बाकीचं माझ्याकडून नाही जाणार. ते तुझं तू लिही.’

तर आता लिहितो. आणखी एकदा गच्चीवर जाऊन आलो. खाली बीजी विनीला पंजाबीत काहीतरी म्हणायला लावतायत आणि ती हसतेय.

ब्याऐंशी सालची भाऊबीज. तू दिवाळीला कवठ्याला आली होतीस, विनी अडीच वर्षांची. मी पंधराचा. गावाबाहेर ओढ्यापलीकडं सर्कशीचा तंबू लागत होता, हत्ती आणून बांधला होता. तू करंज्या तळत होतीस. मला म्हणालीस, ‘हिला जरा अंगणात खेळव. तू आहेस म्हणून मी निवांत आहे.’ आणि मी दादांची सायकल काढली, मधल्या नळीवर टॉवेल गुंडाळला आणि तिला त्यावर बसवलं. तू नको म्हटलं असतंस म्हणून सांगितलंच नाही. हत्ती पाहिला. तिनं त्याला ‘मोठा गणपती’ म्हटलं. येताना ओढ्याच्या उतारावर मी ब्रेक सोडला, ती खिदळत होती म्हणून, आणखी खिदळावी म्हणून. मोरीपाशी खडीवरून चाक सरकलं. मला फक्त गुडघा लागला. तिचं डोकं मोरीच्या दगडावर आपटलं. रक्त नाही आलं, अक्का. रक्त आलं असतं तर मी बोललो असतो. ती नुसती पडून होती, डोळे अर्धे उघडे, आणि मी काय करावं सुचेना म्हणून मोजायला लागलो. मला वाटलं, दहापर्यंत उठेल. मग वाटलं, वीसपर्यंत. तेवीसला तिनं श्वास असा ओढला आणि डोळे फिरवले. मग ओकली. मग माझ्या खांद्यावर झोपली. घरी येऊन मी सांगितलं की बाजारात शेव खाल्ली, ती बाधली. तू मीठमोहऱ्या ओवाळून तिची दृष्ट काढलीस. आणि संध्याकाळी तिला तशीच झोपलेली आईच्या मांडीवर देऊन मला पाटावर बसवलंस, टिळा लावलास, ओवाळलंस, आणि आईला म्हणालीस, ‘माझ्या लेकीला हाच सांभाळतो.’ ती दोन दिवस पेंगुळलेली होती. तिसऱ्या दिवशी खेळायला लागली आणि मला वाटलं, सुटलो. मार्चमध्ये दहावीत आपटलो. पुढच्या भाऊबिजेच्या आधी ट्रकवर बसून गेलो. बाई म्हणतात, त्या पडण्यामुळंच हे झालं असं कुणी छातीठोक सांगू शकत नाही, कदाचित त्याचा काही संबंध नसेल. त्या हे मला बरं वाटावं म्हणून म्हणत नाहीत, त्यांचा तसा स्वभाव नाही. पण त्या फॉर्मवर मी ‘नाही’ लिहिलं होतं आणि त्या ‘नाही’मुळं दोष तुझ्याकडं गेला, आई जवळ नाही म्हणून. ते मला सहन होईना. तू जवळ नव्हतीस म्हणून काही झालेलं नाही, अक्का. ती माझ्या जवळ होती तेव्हा झालं. दाजींना अजून सांगितलेलं नाही. आधी तुला सांगायचं होतं. हे पत्र एवढ्यासाठीच आहे, फॉर्म नुसता निमित्त. चिठ्ठी आता काढलीस तरी चालेल. त्याखाली मी ‘होय’ लिहिलंय, वर्ष लिहिलंय आणि तेवीस लिहिलंय.

थांब. खाली रिक्षा थांबलीय. बीजी कुणालातरी ‘आओ जी, आओ जी’ म्हणतायत. दाजींचा आवाज. एवढ्यात अंबाल्याहून कसे आले? दाजी म्हणतायत, ‘सावकाश, पायरी मोडलीय.’ कुणाला सांगतायत? बाईमाणसाला सांगतात तसं. मटारची परात पडली, दाणे जिन्यावरून खाली चाललेत, आणि विनी ओरडली, ‘आई!’ मम्मी नाही म्हणाली. आई म्हणाली.

म्हणजे दाजींनी तार केली. आणि सकाळी अंबाल्याला गेले ते तुला गाडीवरून उतरवून आणायला. आणि तू सासूबाईंना कुणावर तरी सोपवून, ह्या सगळ्या नाक्यांतून, पोत्यांतून, एकटी दोन दिवस प्रवास करून आलीस. मनाशी काय घोकत आलीस तेही मला माहीत आहे, ‘माझ्यामुळं पोर अशी झाली.’ वर येतेयस. तुझी चप्पल तशीच वाजते, एक पाय जरा घासून. हे पत्र लपवायला माझ्याकडं गच्ची आहे, खिसा आहे, आणि पाय तर आहेतच. पण मी बसून आहे. पाकीट नाही, तिकीट नाही, हातातच देतो. बस, पाणी पी, आणि मग वाच. तू वाचशील तोपर्यंत मी इथंच असेन.

तुझाच,
गुरू